कला, कार्यानुभव आणि खेळाच्या तासाला साहित्य कुठून आणायचं?

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी. ऐरोलीतली मराठी शाळा, तिसरीचा वर्ग, पट चाळिशीच्या पुढे. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या तिन्ही विषयांच्या तासिका तुमच्याच वाट्याला आल्या आहेत. पिंटरेस्टवर आणि यूट्यूबवर जे सापडतं त्याला सामान महाग लागतं, नाहीतर ते आपल्या मुलांच्या ओळखीचं नसतं. चांगलं साहित्य कसं शोधायचं, असं तुम्ही विचारलंय. ठाण्यात आणि कळव्यात मी बरीच वर्षं प्राथमिकला शिकवलं आणि हे विषय माझ्या फार जवळचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की स्वतंत्र शिक्षक नसणं ही एकट्या तुमच्या शाळेची गोष्ट नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात या तीन विषयांसाठी अंशकालीन निदेशक (म्हणजे अर्धवेळ शिक्षक) सांगितले आहेत ते सहावी ते आठवीला, तेही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला वर्गशिक्षकानेच हे विषय घ्यायचे असतात. म्हणजे साहित्य शोधताना ‘हे चित्रकलेच्या सरांना जमेल’ असं नव्हे, तर ‘हे मला, माझ्या वर्गात, पस्तीस मिनिटांत जमेल’ असं बघायला हवं.

माझी कसोटी एकच आहे. तास संपल्यावर सगळ्या मुलांच्या हातात एकसारखी वस्तू येणार असेल, तर ते साहित्य मी बाजूला ठेवते. छापील आकार कापा, ठरलेल्या जागी चिकटवा, ठरलेला रंग भरा, यात मूल फक्त सूचना पाळतं. त्याने काही पाहिलेलं नसतं, काही ठरवलेलं नसतं. शेवटी वस्तू कशी दिसेल एवढंच न सांगता, मुलाने हाताने काय करून बघायचं आणि बाईंनी मध्येच कोणता प्रश्न विचारायचा, हे ज्यात असतं ते साहित्य चांगलं. इंटरनेटवर फोटो सुंदर असतात, पण ही माहिती क्वचितच असते.

म्हणून सुरुवात घरच्या गोष्टीपासून करा. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक नेमकं या तीन विषयांचं आहे. पुष्कळ शाळांत ते कपाटातच राहतं. बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ फुकट मिळते. त्यातली प्रत्येक कृती जशीच्या तशी घ्यायची गरज नाही. तिसरीच्या मुलाकडून काय अपेक्षित आहे ते त्यातून काढून टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या पूर्वतयारीच्या, वहीत एका पानावर लिहा. हे पान हाताशी असलं की बाहेरचं काहीही पाहताना ते कामाचं आहे की नाही, हे दोन मिनिटांत कळतं.

कार्यानुभवासाठी अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ उघडा. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्यात या माणसाने आयुष्य घातलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यापेट्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, वर्तमानपत्र, स्ट्रॉ, एवढ्यावर त्यांची खेळणी होतात. पुस्तकं आणि चित्रफिती मराठीतही आहेत आणि सगळं मोफत आहे. मला ती आवडतात याचं कारण असं की खेळणं चाललं नाही तर मूल स्वतःच ‘का नाही चाललं?’ म्हणून परत बघतं. स्ट्रॉची पिपाणी वाजली नाही तर टोक जरा वेगळं कापून पाहतं. आदल्या दिवशी घरी एकदा स्वतः करून बघा, म्हणजे कात्री कुठे अडते ते कळेल.

मातकामासाठी विकतची रंगीत माती आणू नका. पावसाळ्यात आपल्याकडे गणपतीचे कारखाने सुरूच असतात. जवळच्या कारखान्यात जाऊन शाळेसाठी थोडी शाडू मागा, मुलांसाठी म्हटलं की बहुतेक जण देतात. ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या बादलीत ठेवली की बरेच दिवस टिकते.

आता वारली चित्रांबद्दल, कारण आपल्याकडच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर ती असतात आणि बहुतेक वेळा नुसती उतरवलेली असतात. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. त्याआधी वारल्यांचा डहाणू-जव्हार भाग ठाणे जिल्ह्यातच होता, त्यामुळे ही आपल्या मातीतली कला आहे. येऊरच्या पाड्यांवर आजही वारली कुटुंबं राहतात. मुलांना आधी हे सांगा की ही चित्रं गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने काढतात आणि लग्नातला चौक, म्हणजे लग्नाच्या वेळी भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, बायका काढतात. मग फक्त आकारांकडे लक्ष वेधा: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड होतं, गोल म्हणजे डोकं. त्रिकोण जरा कलला की माणूस वाकतो, पळतो, ओझं उचलतो. हे कळलं की तारपा नाचाचं चित्र उतरवायला न देता, आपली मधली सुट्टी काढायला सांगा. नळावरची रांग, खिचडीचं वाटप, लंगडी घालणारी मुलं हे सगळं त्या त्रिकोणांतून येतं आणि प्रत्येकाचं चित्र वेगळं होतं. नामवंत वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं मुलांना मोबाइलवर नक्की दाखवा. एका जाळ्यात किती मासे आणि किती हालचाल मावते ते मुलं डोळे मोठे करून बघतात.

संगीताची भीती बाळगू नका. गाता येत नसलं तरी ताल घेता येतो. दादरा सहा मात्रांचा, तीन आणि तीन. केरवा आठ मात्रांचा, चार आणि चार. टाळ्यांनी दोन्ही नीट बसवा आणि मराठीच्या पुस्तकातली कविता कोणत्या तालात बसते ते मुलांनाच शोधू द्या. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य मिळतं. कवितेची चाल तिथे मिळाली तर वर्गात ऐकवा. शिवाय तुम्ही ऐरोलीत आहात. दिवा, राबाडे, गोठिवली, घणसोली ही आगरी-कोळ्यांची जुनी गावं तुमच्या शेजारी आहेत. तिथे लग्नात धवले गाणाऱ्या धवलारीण आज्या असतात आणि एखादी तुमच्याच वर्गातल्या मुलाची आजी असू शकते. पालकसभेत विचारा. आजींना मान देऊन बोलवा, मुलांना प्रश्न विचारू द्या, त्यांची परवानगी असेल तरच रेकॉर्डिंग करा. असं साहित्य कोणत्याही ॲपवर मिळणार नाही.

खेळाच्या तासाला एक पथ्य पाळा. ‘बाद’ होणारे खेळ कमी करा. ज्या मुलाला पळायची सर्वांत जास्त गरज असते तेच पहिल्यांदा बाद होतं आणि उरलेला तास भिंतीला टेकून बसतं. लंगडी घ्यायची तर खडूने सहा-सात लहान चौकोन आखा आणि एकाच वेळी सगळे गट खेळवा. बाद झालेला दुसऱ्या चौकोनात जाऊन पुन्हा खेळतो. जुलैत मैदानात चिखल असतो तेव्हा व्हरांड्यात सागरगोटे, काचापाणी, झिम्मा-फुगडी चालतं, मुलग्यांनाही. खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत लहान मुलांसाठी एका पायावर तोल सांभाळायची चाचणी आहे, तिचं नावच फ्लेमिंगो बॅलन्स. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो पाहिलेल्या मुलांना ती वेगळी समजवावी लागत नाही. ऐरोलीचं वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र तुमच्या इतकं जवळ आहे की थंडीत वर्ग घेऊन जाच. परत आल्यावर चित्र, माती आणि खेळ तिन्ही तासांना विषय मिळतो.

वाचायला आणि चित्रं बघायला प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी मोफत आहेत, छापून वाटायलाही परवानगी आहे. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन चाळता येतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, आत छोटं प्रदर्शन असलेली फिरती बस शाळांमध्ये येते, त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीने पत्र पाठवा आणि वर्षाच्या सुरुवातीलाच पाठवा.

नोंदींचं लगेच ठरवून घ्या. या तिन्ही विषयांना संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची, परीक्षा नाही; सगळं मूल्यमापन आकारिक, म्हणजे वर्गात चाललेल्या कामावरून, होतं. त्यामुळे ‘चित्रे छान काढतो’ अशी नोंद सगळ्यांना देऊन चालत नाही. रोज चार-पाच मुलांकडेच नीट बघा आणि ‘सरळ रेषेवर कात्री चालते, वळणावर अडते’ असं लिहा. पुढच्या तासाला त्याला काय द्यायचं ते त्यातूनच ठरतं.

शाळेला मैदान किती आहे आणि तासिका सलग मिळतात का, ते कळवा. त्याप्रमाणे पहिल्या महिन्याचं नियोजन आपण मिळून करू.