खाज-खोकल्याच्या गोळ्यांनी कुत्रा सारखं पाणी पितोय, गोळी बंद करू का?

तुमचा लॅब्रॅडॉर तीन आठवड्यांपासून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीवर आहे, घरभर लघवी करतोय आणि अमेरिकेतला भाऊ टेमारिल-पी ही तिकडची खाज-खोकल्याची गोळी पाठवतो म्हणतोय. आधी गोळीचं सांगतो: मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा.

मी काही डॉक्टर नाही, पण आमच्या शेरूला हीच गोळी होती. मे महिना, पारा 45 ला टेकलेला. तो भांडीच्या भांडी रिकामी करायचा. शेजारचे काका म्हणाले, "उन्हाळ्यात पितेच ना बावा कुत्रं!" मलाही पटलं. मग त्याने गादी ओली केली आणि मी शहाणपणा करून रात्री पाण्याचं भांडंच उचललं. दोन वाजता चपचप आवाज आला. पाहतो तर साहेब कूलरमध्ये तोंड घालून पाणी पिताहेत!

सकाळी डॉक्टरांनी मलाच झापलं. स्टेरॉइडमुळे मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत. आधी लघवी वाढते, मग तहान. पाणी तोडलं तर कुत्रा सुकतो. त्यापेक्षा झोपण्याआधी एक चक्कर जास्त मारा. भूकही राक्षसी लागते, पोळ्यांचा डबा उंच ठेवा. या गोळीने धापही लागते, पण नागपूरच्या उन्हात ते कळत नाही. शेरू पहाटेच्या गारव्यातही धापा टाकायचा, तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

एकदम बंद का नाही? बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक तोडलं तर कुत्रा मलूल पडतो, उलट्या होतात. आमची गोळी आधी अर्धी, मग दिवसाआड करत सुटली.

टेमारिल-पीच्या एका गोळीत 2 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच असतं, सोबत 5 मिलिग्रॅम ट्रायमेप्राझिन, ज्याने गुंगी येते. म्हणजे दोन्ही दिल्या तर स्टेरॉइड डबल. भावाला नको म्हणा.

आणि लंगडतोय म्हणून मेलॉक्सिकॅम किंवा घरातली आयबुप्रोफेन अशी दुखण्यावरची गोळी चुकूनही देऊ नका; स्टेरॉइडसोबत पोटात अल्सर (जखम) होऊ शकतो. शी डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर थांबू नका. तुमचे डॉक्टर सापडले नाहीत तर सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहे. जाताना गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या.