लिहून पोट भरते का?

मी करिअर समुपदेशक. बारावीचा निकाल लागला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. तो मुलं विचारत नाहीत, आईवडील विचारतात. "मॅडम, मराठी अन् लेखन शिकून पोट भरते का?" इतक्या घरांतून हे ऐकलंय की आता एका घराचीच हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी नागपुरातल्या मानेवाड्याची, वडील बुटीबोरीला एका कारखान्यात फिटर. तिला जवळच्याच छोट्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. करायचं होतं, कारण तिथे लेखनाचा वेगळा वर्ग चालतो. वडिलांचा हट्ट संगणकाच्या बी.सी.ए.चा. पहिल्या भेटीत दोघंही माझ्याशीच बोलत होते, एकमेकांशी नाही.

मी तिची कल चाचणी घेतली नाही. कोणी न सांगता माणूस आजवर काय करत आलाय, त्यावरून तो पुढे काय करेल हे जास्त कळतं, असं मी मानते. तिला म्हटलं, "वर्षभरात लिहिलेलं सगळं घेऊन ये. नुसत्या कविता नकोत."

पुढच्या वेळी तिनं प्लास्टिकची फाइल आणली. कविता थोड्याच होत्या. बाकी बचत गटाच्या सभांचं इतिवृत्त, पाण्याच्या बिलाची तक्रार, मामाच्या पीकविम्याचं पत्र आणि शेजारच्या आजींच्या पेन्शनचा अर्ज. तो अर्ज मी मोठ्यानं वाचला: "अर्जदाराच्या बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्रावर उमटत नाहीत. दोन महिन्यांची रक्कम अडकली आहे. ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग मिळावा." एक शब्द जास्त नाही, रडगाणं नाही, मागणी स्पष्ट.

वडिलांनी मान वर केली. "हे तू लिहिलं?"

"तुम्हीच तर पाठवलं होतं आजीले माझ्याकडं."

"मग? झालं का काम?"

"झालं."

बराच वेळ ते फाइल चाळत राहिले. मग म्हणाले, "आमच्या कंपनीत एवढे शिकलेले साहेब हायेत, पण असं सरळ लिहाले कोणाले जमत नाही."

त्या दिवशी बाप-लेक पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, आणि माझं खरं काम तिथेच झालं. आईवडिलांच्या डोळ्यांपुढे लेखक म्हणजे पुरस्कार घेणारा तरी असतो किंवा उपाशी मरणारा. दिवसभर हजार ठिकाणी लागणारं लेखन त्यांना दिसतच नाही. भीती त्या न दिसण्याची असते, मुलीच्या आवडीची नसते.

मग पोटाचं बोलूया. १९६४च्या राजभाषा अधिनियमामुळे राज्याचा कारभार मराठीत चालतो, त्याला भाषांतरकार लागतात. न्यायालयांनाही लागतात. जाहिरात, माहितीपट, सबटायटल्स, ऑडिओबुक, कंपन्यांची माहितीपत्रकं, ॲपवरचा मजकूर हे सगळं कोणीतरी लिहीत असतं. यूपीएससीला मराठी साहित्य हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे. प्राध्यापकीसाठी मात्र नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास झाल्यावरही अनेकांना वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, राबावं लागतं, हे मी कोणापासून लपवत नाही. वर्तमानपत्रात सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, पण मुदतीत नेमकं लिहायची सवय तिथे लागते, ती आयुष्यभर पुरते.

नागपूरच्या मुलांकडे एक भांडवल असतं, ज्याची त्यांना किंमत नसते. हे शहर १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मराठीइतकीच हिंदी इथे रस्त्यावर फुकट मिळते. तिच्या जोडीला इंग्रजी पक्की केली की भाषांतराचं दार उघडतं.

कॉलेज छोटं असल्याची काळजी करू नका. प्रवेश घेण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, सर तुमचं लिखाण खुणा करून परत देतात का? पुन्हा लिहायला लावतात का? उत्तर "हो" असेल, तर इमारतीकडे बघू नका.

वडिलांनी होकार दिला तो दोन अटींवर: इंग्रजी सोडायची नाही, आणि तिसरं वर्ष संपायच्या आत लिहून मिळालेले पैसे घरी दाखवायचे. दोन्ही अटी मला रास्त वाटल्या. पैसे दुसऱ्याच वर्षी आले, एका बियाणे कंपनीचं माहितीपत्रक हिंदीतून मराठीत आणल्याचे.