पांढऱ्या नक्षीच्या पानांना उजेड किती?

प्रश्न : माझ्याकडे मार्बल क्वीन जातीचा मनी प्लांट दोन वर्षांपासून आहे. तो खिडकीपासून सुमारे ३ मीटर आत, कपाटावर ठेवला होता. तेथे नवी पाने हळूहळू हिरवी येऊ लागली आणि पांढरी नक्षी जवळजवळ दिसेनाशी झाली. उजेड कमी पडत असावा असे वाटून मी कुंडी दुपारचे ऊन येणाऱ्या खिडकीत नेली, तर आठवड्याभरात पानांचा पांढरा भाग तपकिरी होऊन वाळला. हिरवा भाग मात्र शाबूत आहे. आता हे झाड नेमके कोठे ठेवावे?

उत्तर : आपण सांगितलेल्या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, किंवा अगदी थोडे असते. त्यामुळे तो भाग स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही आणि शेजारच्या हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. साहजिकच निम्मे पान पांढरे असलेल्या झाडाला तेवढेच अन्न तयार करण्यासाठी संपूर्ण हिरव्या झाडापेक्षा अधिक उजेड लागतो. मात्र ज्या रंगद्रव्यांमुळे पानाला जास्तीचा प्रकाश सोसता येतो, तीदेखील या पांढऱ्या भागात कमी असतात. भूक अधिक आणि सोसण्याची ताकद कमी, अशी या झाडांची अवस्था असते. म्हणून कपाटावर आपले झाड उपाशी राहिले आणि खिडकीत करपले.

कपाटावरची जागा आपल्याला बऱ्यापैकी उजळ वाटली असेल, यात नवल नाही. उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली रुंदावते आणि डोळा लगेच जुळवून घेतो. त्यामुळे खोलीतील उजेड डोळ्यांनी जोखण्यात बहुतेकांची फसगत होते. भर दुपारच्या मोकळ्या उन्हात सुमारे १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतका प्रकाश असतो. चांगल्या खिडकीलगत, थेट ऊन नसताना, तो काही हजार लक्स भरतो आणि ३ मीटर आत गेल्यावर बहुतेक खोल्यांत जेमतेम शे-दोनशे लक्स उरतो. तेवढ्या प्रकाशात पुस्तक वाचता येते, पण पांढऱ्या नक्षीच्या झाडाचे भागत नाही.

यासाठी एक साधी परीक्षा आहे. स्वच्छ दिवशी, दुपारच्या सुमारास, पानांच्या वर साधारण ३० सेंटिमीटर अंतरावर हात धरावा. पानावर ठसठशीत, रेखीव कडांची सावली पडली तर तेथे थेट ऊन किंवा फार प्रखर उजेड आहे. सावली स्पष्ट दिसते पण कडा पुसट आहेत, अशी जागा आपल्या झाडाला मानवेल. सावली ओळखूच येत नसेल, तर ती जागा सोडून द्यावी. मोबाईलवर लक्स मोजणारी अ‍ॅप मिळतात; त्यांचे आकडे अचूक नसतात, परंतु एकाच मोबाईलने, एकाच वेळी, घरातील दोन-तीन जागांची तुलना करण्यास ती पुरेशी आहेत. मोजताना मोबाईल पानांच्या उंचीवर धरावा. जमिनीवरची कुंडी आणि खिडकीच्या चौकटीच्या उंचीवरची कुंडी यांना मिळणाऱ्या उजेडात मोठा फरक असतो, आणि ही गोष्ट हमखास नजरेतून सुटते.

आपल्या घरात सकाळचे कोवळे ऊन येणारी खिडकी असेल, तर तिच्यापासून अर्धा ते एक मीटर अंतरावर कुंडी ठेवावी. केवळ दुपारच्या उन्हाची खिडकी असेल, तर मध्ये झिरझिरीत पांढरा पडदा लावावा, किंवा कवडसा जेथवर पोहोचतो त्याच्या थोडे बाजूला कुंडी सरकवावी. कवडशाची जागा ऋतूप्रमाणे बदलते, हे ध्यानात असू द्यावे. हिवाळ्यात सूर्य खाली असल्याने ऊन खोलीत अधिक आतवर येते आणि उन्हाळ्यात सुरक्षित असलेली कुंडी तेव्हा अचानक उन्हात सापडते. आपली मुख्य चूक जागा बदलण्याच्या घाईत झाली असे मला वाटते. अंधुक जागेत वाढलेले पान एकदम प्रखर उजेडात टिकत नाही. हाच बदल दोन-तीन आठवड्यांत, टप्प्याटप्प्याने करावयास हवा होता. करपलेला भाग पुन्हा पूर्ववत होत नाही, तरीही पान लगेच काढू नये, कारण त्याचा हिरवा भाग अजून अन्न तयार करीत आहे. उजेड वाढला की माती लवकर सुकते, म्हणून पाण्याचा पूर्वीचा क्रमही बदलावा लागेल. वेळापत्रकापेक्षा वरच्या मातीत बोट घालून पाहावे.

आता हिरव्या पानांविषयी. येथे दोन निरनिराळ्या शक्यता आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. नवी पाने एकंदरीत हिरवट असून खोडावर फिकट रेषा अजून दिसत असतील, तर झाडाने कमी उजेडावर उपाय म्हणून हरितद्रव्य वाढविलेले असते, आणि उजेड सुधारल्यावर पुढील पाने नक्षीदार येण्याची चांगली शक्यता असते. परंतु एखादा फुटवा खोडासकट निखळ हिरवा झाला असेल, तर त्याच्या शेंड्यात पांढऱ्या पेशींचा वारसा उरलेला नाही असे समजावे. अशा फुटव्याला कितीही उजेड दिला तरी नक्षी परत येत नाही; उलट तो हिरवा असल्यामुळे भराभर वाढून नक्षीदार फांद्यांना मागे टाकतो. तेथे कात्रीच चालवावी लागते. खोड न्याहाळत खाली यावे, ज्या पेरावर फिकट रेषा आणि नक्षीदार पान दोन्ही आहेत त्याच्या किंचित वर छाटावे, म्हणजे त्याच पेरातील डोळा फुटेल. याउलट पूर्ण पांढऱ्या पानांचा फुटवा आला, तर तो कितीही देखणा दिसला तरी झाडावरचा भार असतो, आणि वेगळा लावल्यास जगत नाही.

प्रश्न : माझ्या खोलीला उपयोगी पडेल अशी खिडकी नाही. दिव्याच्या उजेडावर नक्षीदार पानांचे झाड वाढेल काय? जांभळ्या प्रकाशाचा दिवा घ्यावा काय?

उत्तर : वाढेल. त्यासाठी साधा पांढरा, पुरेसा प्रखर एलईडी दिवा चालतो. जांभळ्या प्रकाशातही झाडे वाढतात, पण मला तो घरासाठी पसंत नाही. त्या प्रकाशात पान पिवळे पडले की करपले हे कळतच नाही, आणि ज्या नक्षीसाठी झाड आणले तीही नीट दिसत नाही. दिवा पानांच्या वर साधारण ३० सेंटिमीटर ठेवावा आणि रोज सुमारे १२ तास लावावा. छोट्या दिव्याचे अंतर दुप्पट केले तर पानावर पडणारा उजेड चौथाईवर येतो, त्यामुळे छताला टांगलेल्या दिव्याचा विशेष उपयोग होत नाही. दिवा रात्रंदिवस चालू ठेवू नये. पानाच्या उंचीवर हात धरून ऊब जाणवली, तर तो थोडा वर घ्यावा.

प्रश्न : सिंडॅप्सस या मनी प्लांटसारख्या वेलीच्या पानांवर चंदेरी ठिपके आहेत. त्यालाही अधिक उजेड द्यावा काय?

उत्तर : आवश्यकता नाही. चंदेरी ठिपक्यांखाली हरितद्रव्य असते. पानाच्या वरच्या पातळ थराखाली हवेची पोकळी असल्याने प्रकाश परावर्तित होऊन तो भाग चमकतो, एवढेच. पान उलटून पाहावे : ठिपक्याच्या मागची बाजू हिरवीच दिसेल.