आईचा सीटी स्कॅन तालुक्यातच करावा की नागपूरला न्यावं?

तुम्ही विचारलंय की आईच्या पोटाचा सीटी स्कॅन तालुक्याच्या सेंटरवर केला तर चालेल का, आणि किरणांनी काही होतं का. मी यवतमाळ जिल्ह्यात १७ वर्षांपासून एक्स-रे टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, तेव्हा माझ्या खोलीपुरतंच सांगतो.

मशीन किती स्लाइसचं, म्हणजे एका फेरीत किती काप टिपतं, हे सोडा. बटण दाबायच्या आधी तिथली माणसं काय विचारतात ते बघा.

हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. बाजाराचा दिवस, ओपीडीत पाय ठेवायला जागा नाही. मी दारातून नाव पुकारलं, एक म्हातारी उठली. "छातीचा फोटो ना, माय?" "हो ना बापा." काढला फोटो. दुपारी त्याच नावाची दुसरी बाई दारात उभी: "माहा नंबर कधी येते?" पहिली आली होती गुडघ्यासाठी. तिला कमी ऐकू यायचं, मी जे विचारीन त्याला ती हो म्हणत गेली. तोवर तिच्या छातीची फिल्म दुसरीच्या कागदाला लागून डॉक्टरांच्या टेबलावर पोचली होती. नशीब, औषध लिहायच्या आधी मी पोचलो. तेव्हापासून "तुम्ही अमक्याच ना?" असं मी कोणालाच विचारत नाही. नाव तुम्ही सांगा, गाव सांगा, कुठं दुखते ते बोटानं दाखवा. आईला असं कोणी विचारलं नाही, तर तुम्हीच पुढं होऊन सांगा.

सीटीत चित्र नीट दिसावं म्हणून नसेतून औषध देणार असतील तर आधी क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) तपासलं का ते विचारा. दमा, आधीची कुठली अ‍ॅलर्जी, शुगरच्या गोळ्या, सगळं न विचारता सांगून टाका. गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथंच बसवा, एसटी चुकली तरी चालेल.

किरणांचं म्हणाल तर ते मिलिसिव्हर्ट या मापात मोजतात. छातीच्या एका एक्स-रेला ०.१ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त लागत नाही, पोटाच्या सीटीला साधारण ८ ते १०. माती, आकाश, हवा यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. डॉक्टरांनी नीट कारण सांगितलं असेल तर आईच्या वयात एवढ्यानं घाबरू नये. मला राग येतो तो मागच्या महिन्यातला चांगला सीटी बाजूला सारून "आमच्याकडं पुन्हा काढा" म्हणणाऱ्यांचा. म्हणून जुन्या फिल्म, सीडी, रिपोर्ट सोबत न्या. आपल्याकडं फिल्म गुंडाळून टिनाखाली आढ्याला खोचतात अन् मे महिन्यात त्या एकमेकींना चिकटतात. तसं करू नका.

सीटीला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो बिनधास्त विचारा. टेक्निशियनच्या छातीवर टीएलडीचा बिल्ला, म्हणजे त्याच्या अंगावर किती किरण पडले ते मोजणारा, आहे का तेही बघा. दर ३ महिन्यांनी तो तपासायला जातो. बिल्ला ड्रॉवरमध्ये पडलेला असेल, तर तिथं बाकी काय चालत असेल ते समजून घ्या.

घरात कोणी बाई गरोदर असेल तर तिला आईला धरायला आत पाठवू नका. दिवस गेलेत का, हा प्रश्न आमच्याकडं नर्सच विचारते, तोही सासऱ्याला बाहेर बसवून. नाहीतर पोरगी मान खाली घालून "नाही" म्हणते.

रिपोर्टचं एक राहिलं. तालुक्यात रेडिओलॉजिस्ट (चित्रं वाचून रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर) रोज नसतो, चित्रं इंटरनेटवरून शहरात जातात. त्यात गैर काही नाही, पण रिपोर्टवर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. चिठ्ठीवर नुसतं "पोटदुखी" असेल तर तुमच्या डॉक्टरांकडून नीट लिहून घ्या: कुठल्या बाजूला, किती दिवसांपासून, वजन घटलं का, आधी ऑपरेशन झालं का. वाचणाऱ्यानं तुमच्या आईला पाहिलेलं नसतं.

एवढं जुळत असेल तर मी माझ्या आईला तालुक्यातच नेईन. उपाशीपोटी नागपूरपर्यंतचा प्रवास शुगरवाल्या म्हातारीला झेपत नाही. आदल्या दिवशी फोन करून सकाळचा पहिला नंबर लावा, अन् किती तास उपाशी राहायचं ते तेव्हाच विचारून घ्या.