पत्ता कोणाच्या मालकीचा? मुक्त प्रोटोकॉलवरील समाजमाध्यमांविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर यायचे म्हटले तरी कोणत्या तरी एका सर्व्हरवरच खाते उघडावे लागते. मग हे माध्यम विकेंद्रित कसे?

उत्तर : विकेंद्रित म्हणजे सर्व्हरच नाही असे नव्हे. सर्व्हर अनेक आहेत, ते वेगवेगळ्या व्यक्तींच्या व संस्थांच्या हाती आहेत आणि तरीही ते एकमेकांशी बोलू शकतात, एवढाच त्याचा अर्थ. ई-मेलची हीच रीत आहे आणि म्हणूनच मॅस्टोडॉनवरील पत्त्यातही खातेदाराच्या नावापुढे सर्व्हरचे नाव येते. दुसऱ्या सर्व्हरवरील एखाद्या लेखिकेला आपण फॉलो केले, की आपला सर्व्हर वेबफिंगर नावाच्या पद्धतीने तिच्या खात्याचा ठावठिकाणा विचारतो आणि तिच्या इनबॉक्समध्ये विनंती पोहोचवतो. ती मान्य झाल्यानंतर तिची प्रत्येक नवी पोस्ट तिचा सर्व्हर आपल्या सर्व्हरकडे स्वतःहून पाठवत राहतो.

या देवघेवीचे नियम ज्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलेले आहेत तो ॲक्टिव्हिटीपब, आणि वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने त्याला २३ जानेवारी २०१८ रोजी अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. मॅस्टोडॉन त्याच्याही आधीचे, २०१६ मधले. पिक्सेलफेड हे छायाचित्रांसाठीचे आणि पीअरट्यूब हे व्हिडिओंसाठीचे सॉफ्टवेअर हाच प्रोटोकॉल बोलत असल्यामुळे मॅस्टोडॉनवर बसून पीअरट्यूबवरील वाहिनी फॉलो करता येते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, आणि मला या साऱ्या रचनेतले हेच सर्वांत मोलाचे वाटते. याची एक किंमतही आहे : प्रत्येक सर्व्हरला त्याच्याकडे पोहोचलेलाच मजकूर ठाऊक असतो, त्यामुळे एकाच पोस्टखाली दोन ठिकाणी उत्तरांची संख्या वेगवेगळी दिसू शकते.

प्रश्न : माझा सर्व्हर चालवणाऱ्यांनी तो बंद केला, तर माझे लेखन आणि मला फॉलो करणारी माणसे यांचे काय होईल?

उत्तर : वाचकांनी मॅस्टोडॉनला सर्वांत आधी हाच प्रश्न विचारायला हवा, कारण त्याचे उत्तर प्रचारात सांगितले जाते तितके सुखद नाही. मॅस्टोडॉनमध्ये खाते हलवण्याची सोय आहे. नव्या सर्व्हरवर खाते उघडून तेथे जुन्या खात्याची नोंद करायची आणि मग जुन्या खात्यातून स्थलांतराचा आदेश द्यायचा. तो आदेश आपल्या फॉलोअरांच्या सर्व्हरना पोहोचतो आणि ते त्यांना आपल्या नव्या पत्त्याशी जोडून देतात. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची यादी, तसेच ब्लॉक केलेल्यांची यादी फाइलमध्ये उतरवून नव्या ठिकाणी चढवता येते. मात्र जुन्या पोस्ट सोबत येत नाहीत. त्यांची संग्रह-फाइल उतरवून स्वतःजवळ ठेवता येते, पण मॅस्टोडॉनच्या नव्या खात्यात ती भरता येत नाही. दहा वर्षे लिहीत आलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

याहून गंभीर बाब अशी की स्थलांतराचा आदेश जुन्या सर्व्हरनेच पाठवायचा असतो. तो सर्व्हर आधीच बंद पडला असेल, तर आदेश देणारे कोणी उरत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या देशनिदर्शक डोमेनवर, म्हणजे .af ने संपणाऱ्या इंटरनेट-पत्त्यावर, चालणाऱ्या एका मॅस्टोडॉन सर्व्हरचे डोमेनच तेथील यंत्रणेने निलंबित केले. यंत्र शाबूत, माहिती शाबूत, पण पत्ता गेला, आणि पत्त्याबरोबर त्यावर उभी असलेली सर्व नाती गेली. ॲक्टिव्हिटीपबवर आपली ओळख डोमेनच्या नावाला बांधलेली असते आणि ते डोमेन बहुतेक वेळा दुसऱ्याचे असते, ही या रचनेतील खरी कमकुवत जागा आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी स्वतःच्या डोमेनवर सर्व्हर चालवावा. इतरांनी निदान याद्या आणि संग्रह नियमाने उतरवून ठेवावेत.

प्रश्न : ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमावर ही अडचण नाही असे ऐकले. पण ब्लूस्काय तर एक कंपनीच आहे. मग तिला विकेंद्रित म्हणावे का?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ब्लूस्काय ज्या एटी प्रोटोकॉलवर उभे आहे, त्यात ओळख सर्व्हरपासून वेगळी काढलेली आहे. प्रत्येक खात्याला न बदलणारा एक ओळखक्रमांक मिळतो; लोकांना दिसणारे नाव हे डोमेन असते आणि ते केव्हाही बदलता येते. आपला मजकूर आपल्या डिजिटल स्वाक्षरीच्या किल्लीने, म्हणजे एका गुप्त संकेताने, स्वाक्षरीबद्ध होऊन एका वैयक्तिक संग्रहात राहतो आणि तो संग्रह उचलून दुसऱ्या यजमान सर्व्हरवर नेला, तर पोस्टही सोबत येतात. योग्य किल्ली आणि संग्रहाची प्रत आपल्याजवळ असेल, तर जुन्या सर्व्हरच्या सहकार्याविनाही हे करता येते. मॅस्टोडॉनच्या त्रुटीवर हे नेमके बोट आहे.

व्यवहारात मात्र बहुसंख्य खाती कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत, त्यांच्या किल्ल्याही तेथेच आहेत, आणि बहुतेक लोक कंपनीचेच ॲप उघडतात. सर्व संग्रहांतील बदल एकत्र ओढून घेणारा रिले आणि त्यांतून प्रत्येकाला दिसणारे पान तयार करणारी सेवा हे भाग इतर कोणी चालवू शकतात, काहींनी ते चालवलेही आहेत. पण संपूर्ण जाळ्याचा मजकूर हाताळणारी सेवा चालवणे हे पाचशे माणसांचा मॅस्टोडॉन सर्व्हर चालवण्याहून फार खर्चाचे काम आहे. म्हणून माझे मत असे : मॅस्टोडॉनमध्ये सत्ता आज खरोखर विभागलेली आहे, पण बाहेर पडण्याची वाट अरुंद आहे, ब्लूस्कायमध्ये वाट रुंद बांधली आहे, पण सत्ता अजून बरीचशी एका जागी आहे. मला यांतून एकच निवडायचे झाले तर मी रुंद वाटेकडे झुकेन, परंतु आपली किल्ली स्वतःच्या ताब्यात घेतल्यानंतरच.

प्रश्न : मेटाची थ्रेड्स ही सेवा ॲक्टिव्हिटीपबशी जोडली जात आहे. मोठ्या कंपन्या हे जाळे गिळून टाकतील का?

उत्तर : ही भीती निराधार नाही. गूगल टॉक ही संदेशसेवा एक्सएमपीपी या मुक्त प्रोटोकॉलवर उभी होती आणि २००६ पासून ती इतर सर्व्हरांशीही जोडली गेली. २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणले तेव्हा सर्व्हरांमधला हा दुवा त्यात ठेवला नाही, आणि स्वतंत्र सर्व्हरवरील लोकांचा गूगलच्या खातेदारांशी असलेला संपर्क तुटत गेला. थ्रेड्सने डिसेंबर २०२३ मध्ये या जोडणीची चाचणी सुरू केली, तेव्हा अनेक मॅस्टोडॉन सर्व्हरांनी ती आधीच अडवून ठेवली होती. प्रोटोकॉल मुक्त असल्याने कंपनीला आत येण्यापासून कोणी रोखू शकत नाही, पण तिच्याशी बोलायचे की नाही हे प्रत्येक सर्व्हर स्वतः ठरवू शकतो. २०१९ मध्ये द्वेषपूर्ण मजकुरासाठी ओळखले जाणारे गॅब हे माध्यम मॅस्टोडॉनचे सॉफ्टवेअर घेऊन आले, तेव्हाही बहुतेकांनी त्याच्याशी संबंध तोडले आणि ते एकटे पडले. धोका खरा ठरेल तो आपले बहुतेक मित्र त्या एकाच कंपनीच्या बाजूला असतील तेव्हा, कारण मग दुवा तोडण्याचे नुकसान तिचे कमी आणि आपले अधिक असेल.

प्रश्न : या माध्यमांवरील खासगी संदेश किती खासगी असतात?

उत्तर : फारसे नाहीत. मॅस्टोडॉनचे खासगी संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा सर्व्हर चालवणाऱ्यांना ते तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात. शिवाय अशा संदेशात तिसऱ्या व्यक्तीचा पत्ता लिहिला, तर तो संदेश तिलाही जातो, हे पुष्कळांना उशिरा कळते. पोस्ट पुसल्यावर आपला सर्व्हर इतरांना ती पुसण्याची विनंती पाठवतो, पण ती पाळणे त्यांच्या हाती असते. गोपनीय बोलायचे असेल तर सिग्नलसारखे कूटबद्ध संदेशांचे साधन वापरावे.

प्रश्न : सर्व्हर निवडताना काय पाहावे?

उत्तर : मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी सर्व्हरला काही बंधने मान्य करावी लागतात : द्वेषपूर्ण मजकुराविरुद्ध सक्रिय देखरेख, रोजचा बॅकअप, अडचणीच्या वेळी सर्व्हर हाताळू शकेल अशी निदान एक दुसरी व्यक्ती, आणि बंद करायचे झाल्यास किमान ३ महिन्यांची पूर्वसूचना. यादीबाहेरचा सर्व्हर निवडला तरी हेच निकष लावावेत. नियमांचे पान आणि खर्च कोण भागवते याची माहिती नीट वाचावी. हे दोन्ही जेथे लिहिलेले नाही, तेथे खाते उघडू नये.