दिवेलागणीच्या प्रार्थनेविषयी लेकीला पत्र

प्रिय सोनूस, अनेक आशीर्वाद.

नाशिकहून परत येताना तू मला विचारलेस की, आजीच्या घरी दिवेलागण झाली की सगळ्यांना सतरंजीवर बसवून प्रार्थना का होते, तिथली मंडळी टाळ वाजवून अभंग का म्हणतात, आणि आपण इथे इंग्लंडात, रेडिंगला फक्त रविवारी उपासनेला जातो ते पुरेसे का नाही. मग जरा हळू आवाजात असेही विचारलेस की, तुला प्रार्थना करावीशी वाटली नाही तर चालेल का. ही गाडीत दोन वाक्यांत उत्तरे देण्याजोगी गोष्ट नव्हती, म्हणून सवडीने लिहितो आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजीच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात आहे. देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवावीत आणि घरी बसले असता, वाटेने चालत असता, निजताना व उठताना त्यांविषयी बोलत जावे, असे मोशे तिथे इस्राएल लोकांना सांगतो. या सगळ्या वेळा घरातल्या आणि रस्त्यावरच्या आहेत, हे तुझ्या लक्षात येईल. प्रभू येशूनेही शिष्यांना वर्गात बसवून शिकवले नाही. ते त्याच्याबरोबर चालले, जेवले, वादळात त्याच होडीत होते. लूकने लिहिले आहे की, एके ठिकाणी तो प्रार्थना करत होता, ती संपल्यावर शिष्यांपैकी एकाने त्याला म्हटले, आम्हांलाही प्रार्थना करायला शिकवा. म्हणजे आधी त्यांनी पाहिले आणि मग विचारले. तूही आधी पाहिलेस आणि मग विचारलेस, त्यामुळे आजीच्या सतरंजीने आपले काम चोख केले, असे मला वाटते.

तू जी पाहिलीस ती अर्ध्या तासाची प्रार्थना. तिची मुळे मात्र दिवसभराच्या कामांत असतात, आणि ती सुट्टीवर आलेल्या मुलाला सहसा दिसत नाहीत. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा आमच्या शेजाऱ्यांशी पाण्याच्या टाकीवरून कडाक्याचे भांडण झाले होते आणि दोन्ही घरांत बोलणे बंद होते. अशा दिवसांत एका संध्याकाळी आजीने प्रार्थनेत त्या काकूंचे नाव घेतले आणि त्यांच्या आजारी मुलासाठी मागणे केले. आम्ही भावंडे डोळे किलकिले करून एकमेकांकडे पाहू लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मऊ खिचडीचा डबा माझ्याच हाती त्यांच्याकडे पाठवला, कारण ज्याच्यासाठी देवाजवळ मागितले त्याच्या दाराशी जायला लाजायचे नाही, असा तिचा दंडक होता. शत्रूवर प्रीती करा, हे वचन मी संडे स्कूलमध्ये पाठ केले होते आणि त्याबद्दल बक्षीसही मिळवले होते; पण ते म्हणजे नेमके काय, हे मला तो गरम डबा धरून जिना चढताना कळले. रविवारची उपासना हवीच, पण तिथे शेजारच्या काकू नसतात.

आता टाळ आणि अभंगांविषयी. मराठीत ख्रिस्ताची कथा ओवीतून सांगण्याची रीत जुनी आहे. गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले. पण आजी जे म्हणते ते बहुतेक कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे आहे. टिळकांचे शिक्षण काही काळ आपल्या नाशिकलाच झाले आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत, आणि म्हणून त्यांनी येशूची भक्ती अभंगांत, भजनांत व कीर्तनात आणली. गावातल्या आजीबाईला परक्या चालीवर नवी श्रद्धा गाण्यापेक्षा पंढरीच्या वाटेवरचा ठेका जवळचा वाटणार, यात नवल नाही. (आजोबांना मात्र इंग्रजी चालीच गोड लागत, आणि यावरून त्या दोघांचे शेवटपर्यंत जमले नाही.)

शरणपूर रोडवर आपण कपडे घेतले, त्या भागाचीही तुला थोडी माहिती असावी. तिथे 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनरी संस्थेने ख्रिस्ती वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे राहत, आणि त्यांना शास्त्राबरोबर हाताने करायचे उद्योगही शिकवले जात. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी संशोधकाच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमधल्या दफनालाही तो हजर होता. शाळेच्या सहलीत तू ती कबर पाहिली आहेस.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला मी ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण सांगतो. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पतीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांना फार दुःख झाले आणि काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी स्वतःची वाट स्वतःच्या गतीने चालून 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपल्या समाजातही काही घरांत मुलांना दटावून प्रार्थनेला बसवतात, आणि ती मुले पुढे नोकरीच्या गावी गेली की पहिली ती प्रार्थनाच सोडतात. म्हणून तुला नसेल करावीशी वाटत तर करू नकोस. दृढीकरणाचा, म्हणजे मोठेपणी आपला विश्वास मंडळीपुढे स्वतः कबूल करण्याच्या विधीचा, निर्णयही तूच घ्यायचा आहेस, आणि त्याची घाई मला नाही.

बसायचे मात्र आहे. येत्या सोमवारपासून जेवण झाल्यावर रोज पंधरा मिनिटे आपण तिघे एकत्र बसू, शास्त्राचा एक उतारा वाचू आणि एखादे गीत म्हणू. फोन स्वयंपाकघरात राहतील, माझाही. तुला पटले नाही ते तिथेच विचार, आणि सोमवारचे गीत तू निवड. अभंग निवडलास तर चाल आजीकडून फोनवर आधी शिकून घे, कारण ती मला नीट येत नाही.

तुझा,
पप्पा