बाबांच्या दातांमागचं किटण निंबू-सोड्यानं निघते का?

भाऊ, खालच्या समोरच्या दातांच्या आतून दगडासारखा पिवळा थर बसला म्हणता ते किटणच आहे. ते निंबू-सोड्यानं निघत नाही, लाल मंजनानं नाही, राखुंडीनं तं नाहीच. निंबूच्या आंबटानं दाताचं वरचं कवच झिजते अन् मग थंड पाण्याचा घोट घेतला की मस्तकात कळ जाते. पिन घेऊन कोरणारेही पाहिलेत, ते तं अजिबात करू नका.

तिथंच कायले साचते तं जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात, अन् लाळेत कॅल्शियम असते. नखानं दात खरडला की जो पांढरा लगदा निघते तो प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, घासल्यावर काही तासांतच परत बसायला लागते. तसाच राहू दिला तं एकदोन दिवसांत त्यात कॅल्शियम मुरायला लागते अन् दोनेक आठवड्यांत पक्का दगड. मऊ आहे तोवर ब्रशचं काम, कडक झाला की डॉक्टरचं. दुसरी जागा म्हणजे वरच्या दाढांची गालाकडची बाजू, तिथंही लाळेची नळी आहे, मोबाईलचा टॉर्च लावून पाहजा.

आपले लोक बाहेरून खसाखस घासतात अन् आतली बाजू तशीच ठेवतात. सॉफ्ट ब्रश घ्या, समोरच्या दातांच्या आतून तो उभा धरा अन् हिरडीपासून दाताच्या टोकाकडं हलक्या हातानं ओढा. बाकी ठिकाणी तिरपा धरायचा, अर्धा हिरडीवर अर्धा दातावर. पेस्ट फ्लोराईडची, वाटाण्याएवढी पुरे, घासून झालं की थुंका पण लगेच भरभरून चुळा भरू नका. रात्रीचं घासणं चुकवायचंच नाही कारण झोपेत लाळ कमी सुटते. बाभळीची काडी चघळतात त्याले माझी ना नाही, पण ती दातांच्या मागं काही पोचत नाही. रक्त आलं म्हणून ब्रश सोडणारे लय आहेत बाप्पा, अरे हिरडी सुजली म्हणून रक्त येते, थर निघत गेला की आठ-दहा दिवसांत कमी होते, नाही झालं तं दाखवा. बाबांले शुगर असन तं लवकरच दाखवा, शुगरवाल्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात.

आता स्केलिंगनं, म्हणजे डॉक्टर किटण खरडून काढते त्यानं, दात हलतात म्हणून गावात सांगतात त्याचं. दात हलते ते किटणापायी हिरडी अन् आतलं हाड खचल्यानं. किटणानं त्याले बांधून ठेवलं असते, ते काढलं की आधीचंच नुकसान दिसते अन् नाव डॉक्टरचं खराब. नंतर थोडे दिवस थंड लागते, फटी वाटतात, तेवढं चालते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दातांचा डॉक्टर बसते का विचारा, नाहीतं नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्धेजवळ सावंगीलेही डेंटल कॉलेज आहे. बाबा सुपारी-तंबाखूचा खर्रा खात असतीन (तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडं विचारायचं काय) तं तोंड पूर्ण उघडते का, तिखट सोसते का हे त्याच डॉक्टरले सांगा, सुपारीनं तोंडाची आतली चामडी कडक होत जाते अन् ते किटणापेक्षा मोठं दुखणं आहे.

अन् पोराच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत लिहिलं, ते बहुतेक किटण नसन. तुमचं गाव पांढरकवड्याकडचं, यवतमाळ-चंद्रपुरात लय गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. दात हिरडीत तयार होतानाच त्या जास्तीच्या फ्लोराईडचा डाग कवचात बसते, मंग घासूनही जात नाही अन् स्केलिंगनंही नाही. पाणी तपासायले ग्रामपंचायतीत सांगा, लिटरमागं १.५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तं घरातल्या लहान पोरांचं पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा, उकळून काही ते कमी होत नाही.